जुन्नर नीट बघायचं तर: कुकडीच्या खोऱ्यात तीन दिवस

जुन्नर बहुतेक लोक एका दिवसात उरकतात. सकाळी शिवनेरी, दुपारी लेण्याद्री, परतताना ओझरचा विघ्नहर, नारायणगावला चहा आणि रात्री घरी. देवदर्शन आणि राजांचं जन्मस्थान एवढंच मनात असेल तर हेही ठीक. पण या तालुक्याची खरी मजा गावाच्या पश्चिमेला आहे. कुकडी नदीच्या काठाकाठाने एक रस्ता सह्याद्रीच्या धारेपर्यंत जातो, तिकडे फारसं कुणी वळत नाही. पावसाळ्यातले शनिवार-रविवार सोडून, अर्थात.

फिरायला निघण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल नाणेघाट चढून याच खोऱ्यातून जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. घाटाच्या तोंडाशी जकात. वाटेवर नजर ठेवायला पुढे जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी. व्यापारात चार पैसे गाठीला लागलेल्या लोकांनी दान देऊन खोदवून घेतलेली लेणी गावाभोवतीच्या डोंगरांत. म्हणजे गड, लेणी, घाट आणि बाजारपेठ या चार वेगळ्या ‘पॉइंट’च्या सहली नाहीतच, तो एकच रस्ता आहे. त्या रस्त्याने चालायचं ठरवलं की काय आधी आणि काय नंतर हा प्रश्न सुटतो.

राज्य सरकारने 2018 साली जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं आणि 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात शिवनेरी आहे. त्यामुळे गर्दी वाढत चालली आहे. खाली दिलेला बेत ही गर्दी शक्यतो चुकवत आखला आहे.

पायरी पहिली: महिना ठरवा

जून ते सप्टेंबर पाऊस. तालुक्याच्या पूर्वेला, बेल्हे-आण्याकडे, लोक पावसाची वाट बघत असतात तेव्हा पश्चिमेला घाटघरला तो आठ-आठ दिवस उघडत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये नाणेघाटात वाऱ्यामुळे धबधब्याचं पाणी खाली पडायच्या ऐवजी वर उडतं. ते बघायला पुण्या-मुंबईहून इतक्या गाड्या येतात, की अरुंद रस्त्यावर तासन् तास खोळंबा होतो. पावसात यायचंच असेल तर मंगळवार-बुधवार धरा. माळशेज घाट आणि धबधब्यांच्या ठिकाणी प्रशासन पावसाळ्यात अधूनमधून बंदीचे आदेश काढतं, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी बातम्या बघून घ्या.

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंतचे दिवस माझ्या मते सगळ्यांत चांगले. पाऊस उघडझाप करत असतो, भात पोटरीत आलेला असतो, दुर्गवाडी आणि आंबे-हातवीजच्या पठारांवर सोनकी, तेरडा फुललेला असतो. कास पठाराचं नाव सगळ्यांना माहीत, इथली फुलं बघायला रांग लावावी लागत नाही. फक्त फुलांत बसून फोटो काढू नका. चार जण बसून उठले की तो तुकडा गेला.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी गड चढायला उत्तम. हवा स्वच्छ, पहाटे चांगलीच थंडी. 19 फेब्रुवारीच्या आसपास मात्र शिवनेरीवर पाय ठेवायला जागा नसते. उत्सवच अनुभवायचा असेल तर जरूर या, गड बघायचा असेल तर तो आठवडा सोडा. तिथीने होणारी शिवजयंती फाल्गुन वद्य तृतीयेला येते, तेव्हाही गर्दी असतेच. मार्चनंतर ऊन तापतं आणि दुपारी कातळ पोळतो.

पायरी दुसरी: पोचा कसे

पुण्याहून जुन्नर साधारण 95 किलोमीटर. पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगावपर्यंत यायचं आणि तिथून पश्चिमेला पंधराएक किलोमीटर. अंतर फार नाही, पण मोशी-चाकणचा पट्टा तुमच्या वेळेचा हिशोब चुकवतो. सकाळी सहाच्या आत चाकण मागे टाकलं तर आठ-साडेआठला जुन्नरात पोहे खाता येतात. सातला घरातून निघालात तर पोहे विसरा. एसटीने येणाऱ्यांना पुण्याहून थेट जुन्नरच्या गाड्या मिळतात. ती वेळ चुकली तर नाशिककडे जाणारी कुठलीही गाडी पकडून नारायणगावला उतरायचं, तिथून जुन्नरला एसटी आणि वडाप (माणसं भरून धावणाऱ्या जीप) दोन्ही आहेत.

मुंबईकरांनी कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, बनकर फाटा आणि गणेश खिंड या वाटेने यावं. घाट चढून आलं की पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी बराच वेळ सोबत करतं. चालायची आवड असेल तर आणखी एक पर्याय आहे: कल्याणहून माळशेजकडे येताना वैशाखरे गावाच्या पुढे उतरा आणि नाणेघाट पायी चढून वर घाटघरला या. दोन-तीन तासांची चढण आहे. जुन्या व्यापाऱ्यांची वाट तीच. वर आल्यावर जुन्नरला जायला एसटी मोजक्याच, तेव्हा गाडीची वेळ आधी विचारून ठेवा.

पायरी तिसरी: मुक्काम जुन्नरात की वर खोऱ्यात?

पहिली रात्र जुन्नरात काढा. लॉज साधे आहेत, लेण्याद्रीच्या पायथ्यालाही राहायची सोय होते. दुसरी रात्र शक्यतो पश्चिमेला, घाटघर किंवा आसपासच्या गावांत कुणाच्या घरी. फोनवर आधी ठरवून गेलं की मावशी जेवण करून ठेवतात. आयत्या वेळी दहा जण दारात उभे राहिलात तर पीठ दळण्यापासून तयारी.

जुन्नर सोडताना गाडीत तेल भरून घ्या, पुढे पंपाचा भरवसा नको. रोख पैसेही लागतात. आपटाळे मागे पडलं की मोबाइलची रेंज येते-जाते, आणि ऑनलाइन पैसे दिले तर दुकानदारही मोबाइल हातात धरून रेंज शोधत अंगणात फिरतो.

पहिला दिवस: शिवनेरी आणि गावाभोवतीची लेणी

शिवनेरीवर सकाळी सातच्या सुमारास लागा. गाडी बऱ्यापैकी वरपर्यंत जाते, तिथून पायऱ्यांची वाट सात दरवाज्यांतून चढते: महादरवाजा, पीर, परवानगी, हत्ती, शिपाई, फाटक आणि शेवटी कुलाबकर दरवाजा. रमतगमत गेलं तरी तासाभरात माथा. मधल्या टप्प्यावर शिवाई देवीचं मंदिर आहे. राजांचं नाव या देवीवरून ठेवलं गेलं असं मानतात. माथ्यावर जन्मस्थानाची इमारत, बदामी तलाव, कमानी मशीद, अंबरखाना, गंगा-जमुना टाकी आणि टोकाला कडेलोट. जन्म 19 फेब्रुवारी 1630 चा. त्या काळी हा मुलूख अहमदनगरच्या निजामशाहीत होता.

लोक जन्मस्थानाचा फोटो काढून परत फिरतात. तुम्ही टाक्यांपाशी थोडं थांबा. गंगा-जमुनेच्या टाक्यांत उन्हाळ्यातही पाणी असतं, कातळातल्या झऱ्यांनी ती भरतात. इतक्या उंचीवर एवढी शिबंदी कशाच्या जोरावर राहत होती याचं उत्तर तिथे मिळतं. मग कडेलोटाच्या टोकाशी जाऊन पश्चिमेला बघा. माणिकडोह धरणाचं पाणी, त्यामागे हडसर, चावंड आणि हवा स्वच्छ असेल तर अगदी शेवटी जीवधन. उद्याचा सगळा बेत इथून नजरेच्या एका टप्प्यात दिसतो.

गडाला दुसरी वाट आहे, साखळीची. कातळात खोदलेल्या पावठ्या आणि आधाराला साखळ्या. वाटेत लेणी लागतात. पावसात आणि लहान मुलांना घेऊन या वाटेला जाऊ नका. कोरड्या दिवसांत, उंचीची भीती नसेल आणि माहितगार सोबत असेल तरच.

मधमाश्यांबद्दल बजावून सांगतो. शिवनेरी आणि मानमोडीच्या कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात आणि पर्यटकांवर माश्या उठल्याच्या बातम्या येत असतात. अत्तर, परफ्यूम फासून जाऊ नका, शेकोटी-सिगारेट नको, आरडाओरडा नको आणि ड्रोन तर नकोच. माश्या उठल्याच तर हात झाडत उभं न राहता तोंड-डोकं कपड्याने झाकून तिथून लांब निघायचं.

उतरल्यावर गावात जेवा आणि ऊन कलेपर्यंत थांबा. दुपारच्या वेळात हापूसबागेतली हबशी महालाची आणि सौदागर घुमटाची इमारत बघून होते. दोन्ही निजामशाहीच्या दिवसांची आठवण देतात. फार वेळ लागत नाही. रविवारी आलात तर आठवडे बाजारात चक्कर मारा. पश्चिमेच्या आदिवासी वाड्यांतून आलेल्या बाया रानभाज्या, हातसडीचे तांदूळ असं घेऊन बसलेल्या दिसतील. त्यांच्याशी घासाघीस करायची नाही, एवढं पाळा.

आता लेणी. जुन्नरच्या भोवती दोनशेच्या आसपास खोदकामं आहेत. सगळी बघायला आठवडा पुरणार नाही. माझी निवड अशी.

लेण्याद्री हा पहिला क्रमांक, कारण तो कुणालाही जमतो. गावापासून पाचेक किलोमीटर, सुमारे तीनशे पायऱ्या, वर पुरातत्त्व खात्याचं तिकीट. गिरिजात्मज ज्या लेण्यात आहे ते सातवं लेणं, मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार. मोठं दालन, आत एकही खांब नाही आणि तीन बाजूंना मिळून वीस खोल्या. मागच्या भिंतीतल्या मधल्या दोन खोल्यांच्या जागी गणपती आहे. दर्शन घेऊन लगेच उतरू नका, शेजारचं सहावं लेणं बघा. ते चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह आहे, आत स्तूप, दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी, खांबांवर प्राणी कोरलेले. गणपतीच्या रांगेत तासभर उभे असलेले लोकही ते बघायला वीस पावलं पुढे जात नाहीत, हे मला कधी कळलेलं नाही. पायऱ्यांवर माकडं फार. प्रसादाची पिशवी दिसली की हिसकावतात, ती सॅकमध्ये टाका.

दुसरं तुळजा लेणं, गावाच्या पश्चिमेला पाडळीच्या अंगाला. शेताच्या बांधावरून वाट जाते, कुणालाही ‘मामा, तुळजाभवानीची लेणी?’ असं विचारलं तर हात करून दाखवतात. इथलं चैत्यगृह गोल आहे. मधोमध स्तूप, त्याभोवती बारा अष्टकोनी खांबांचं कडं आणि वर घुमटासारखं छत. असा गोल चैत्य खोदलेला फारच क्वचित सापडतो. भाजे-कार्ल्याची लांबट चैत्यगृहं बघितलेली असली तर इथे आत पाय टाकल्याबरोबर फरक जाणवतो: तिकडे नजर लांबवर जाते, इथे तुम्ही चालत चालत स्तूपाला वळसा घालूनच बाहेर पडता.

तिसरा मानमोडीचा डोंगर, गावाच्या दक्षिणेला. भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग असे तीन गट. लेणी अर्धवट राहिलेली, काही ठिकाणी चढण घसरडी, पण शिलालेख वाचणाऱ्यांना इथे मेजवानी आहे. नहपान या क्षत्रप राजाच्या अयम नावाच्या अमात्याने दिलेल्या दानाचा लेख इथला. भूतलिंग गटातल्या चैत्याच्या कमानीत कमळाच्या पाकळ्यांमध्ये लक्ष्मी कोरली आहे आणि तिथेच दान देणारा चंद नावाचा यवन (त्या काळच्या भाषेत ग्रीक) होता असा लेख आहे. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे असे आणखीही लेख आहेत. बंदरावरून आलेला परका माणूस इथल्या डोंगरात स्वतःचं नाव कोरून घेत होता. वेळ कमी असेल तर मानमोडी सोडा, तुळजा सोडू नका.

दुसरा दिवस: खोऱ्याने वर, नाणेघाटापर्यंत

सकाळी लवकर निघा आणि थेट शेवटच्या टोकाला, नाणेघाटाला जा. वाटेतलं सगळं परतताना. कारण सोपं आहे: नऊनंतर नाणेघाटात गर्दी होते आणि सकाळचं ऊन पाठीशी असताना कोकण स्वच्छ दिसतं. जुन्नर, आपटाळे, चावंड, कुकडेश्वराचं पूर गाव, घाटघर आणि नाणेघाट असा रस्ता आहे. तीस-पस्तीस किलोमीटरला सव्वा तास धरा. घाटघरमधून जाताना तिथल्या घरी दुपारच्या जेवणाचं सांगून ठेवा, किती माणसं आणि किती वाजता ते. परत येईपर्यंत चूल पेटलेली असते.

पठारावर गाडी लावली की समोर दगडी रांजण दिसतो. जकातीची नाणी यात टाकत असत असं सांगतात. रांजणाच्या शेजारून कातळात कापलेली नळी खाली उतरते. तोच घाट. लोक इथेच फोटो काढून नाण्याच्या अंगठ्याकडे, म्हणजे कड्याच्या टोकाकडे वळतात. तुम्ही त्या नळीतून पाच-दहा मिनिटं खाली उतरा. पायाखालचे दगड गुळगुळीत झालेले आहेत, बुटाला पकड हवी. डाव्या-उजव्या बाजूला पाण्याची टाकी लागतात, वाटसरूंसाठी आणि बैलांसाठी खोदलेली, आणि मग मोठं चौकोनी लेणं.

हे लेणं राहण्यासाठी नव्हतं की पूजेसाठीही नव्हतं. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांचे पुतळे कोरलेले होते. आज पुतळे नाहीत, सगळे फुटले. भिंतीच्या तळाशी नीट बघा: कुठे पावलांचे ठसे, कुठे घोट्यापर्यंतचा तुकडा, बस एवढंच. पण प्रत्येक पुतळ्याच्या डोक्यावर नाव कोरलेलं होतं आणि त्यांतली बरीच नावं ब्राह्मी लिपीत अजून वाचता येतात. राया सिमुक सातवाहन. देवी नायनिका आणि राजा सातकर्णी. मग कुमार, महारठी. वर नाव, खाली पावलं आणि मधला माणूस गायब.

बाजूच्या दोन भिंतींवर लांबलचक लेख आहे, सातकर्णीची राणी नागनिका (वरच्या नावांतली नायनिका तीच) हिने केलेल्या यज्ञांचा आणि दानांचा. अश्वमेध, राजसूय, आणि त्यात किती गाई, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापणं (त्या काळची नाणी) दिली याचा हिशोब. हिशोब म्हटला की आकडे आले, आणि दोन हजारांवर वर्षांपूर्वीचे हे आकडे भारतातल्या अंकलेखनाच्या सगळ्यांत जुन्या नमुन्यांपैकी आहेत. 1828 साली विल्यम साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी इथे आला आणि त्याने या लेखाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. तुम्ही बघाल तेव्हा अक्षरांवर ओल असेल, शेवाळ असेल. बोटांनी खरवडायचं नाही, पाणी मारायचं नाही, खडूने अक्षरं गिरवायची तर अजिबात नाहीत. तिरपी बॅटरी मारली की अक्षरं उठून दिसतात.

परत वर या आणि मग नाण्याच्या अंगठ्यावर जा. कडा सरळ तुटलेला आहे. पावसाळ्यात तिथे वारा माणूस ढकलेल इतका असतो, काठाला जायचं असेल तर पोटावर झोपून डोकवा. नाहीतर चार हात लांबून बघितलं तरी कोकण तेवढंच दिसतं.

जीवधन: जमेल त्यांनीच

नाणेघाटावरून डावीकडे जो ताशीव गड दिसतो तो जीवधन. त्याच्या शेजारी उभा सुळका म्हणजे वानरलिंगी, त्याला खडा पारशीही म्हणतात. सुळक्यावर चढणं हे दोर आणि प्रशिक्षण असलेल्यांचं काम आहे. गड मात्र सवयीच्या ट्रेकरला जमतो. घाटघरच्या बाजूने जुन्नर दरवाज्याची वाट त्यातल्या त्यात सोपी, नाणेघाटाच्या बाजूने कल्याण दरवाज्याची वाट अवघड. पायऱ्या जागोजागी फुटलेल्या आहेत, एखाद-दोन ठिकाणी हाताने धरून चढावं लागतं. पाऊस चालू असेल तर गड खालूनच बघा.

वर धान्याची कोठी आहे. बाहेरच्या दालनात कोरीव काम, आत मिट्ट काळोख, बॅटरी हवीच. याच गडावर कैदेत असलेल्या मूर्तजा या निजामशाहीच्या वारसाला शहाजीराजांनी सोडवलं, पेमगिरीवर नेऊन गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने काही वर्षं कारभार चालवला. शेवटी तर मोगल आणि आदिलशहा दोघेही मागे लागले. गडावरच्या उन्हात बसून ही गोष्ट आठवली की कोठीचे ते जाड दगडी चिरे वेगळेच वाटतात.

गड करायचा असेल तर चार-पाच तास धरा, माणशी तीन लिटर पाणी घ्या आणि घाटघरचा एखादा दादा वाटाड्या म्हणून सोबत न्या. त्याचे पैसे चढायच्या आधी ठरवा म्हणजे खाली आल्यावर दोघांनाही अवघडल्यासारखं होत नाही.

परतीच्या वाटेवर

घाटघरला जेवायला बसलात की ताटात तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, पावसाळा असेल तर कुर्डू किंवा भारंगीची भाजी आणि वाफाळता भात येईल. हा महादेव कोळी समाजाचा मुलूख. भाताचं एकच पीक आणि जोडीला रानातला हिरडा. उन्हाळ्याच्या तोंडाशी आलात तर अंगणात बाळहिरडा वाळत घातलेला दिसेल. व्यापाऱ्याला विकून वर्षाचा रोख पैसा बऱ्याच घरांत त्यातून येतो, तेव्हा गंमत म्हणून हिरड्याच्या फांद्या ओरबाडू नका.

पूरला कुकडेश्वराचं मंदिर आहे, कुकडीच्या उगमाशी. शंकराचं जुनं दगडी मंदिर, कोरीव खांब, भिंतींवर शिल्पं. अर्धा तास बसा, पाय पाण्यात सोडा.

अंगात दम शिल्लक असेल तर चावंड. इंग्रजांनी 1818 साली गड घेतल्यावर पायऱ्या उद्ध्वस्त केल्या, पण आता कातळाला लोखंडी कठडे लावलेले आहेत आणि पाऊण-एक तासात वर पोचता येतं. वर एका रांगेत खोदलेली सात टाकी, सप्तमातृकांची म्हणतात, आणि माथ्यावर चामुंडेचं देऊळ. सूर्य मावळायच्या आत खाली उतरायचं, हा नियम.

तिसरा दिवस: आपापल्या आवडीप्रमाणे

गडांची भूक असेल तर हडसर. कड्यात पायऱ्या आणि दरवाजे अखंड कातळ फोडून कोरलेले आहेत. वळणावर वळण घेत चढणारी ती नळी बघून कारागिरांना हात जोडावेसे वाटतात. दुसरी खुंटीची वाट आहे, ती अनुभवी लोकांसाठी.

विज्ञानाची आवड असेल, किंवा बरोबर शाळकरी मुलं असतील, तर नारायणगावजवळचं खोडद. इथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांतल्या चौदा मधल्या भागात आणि उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात पंचवीसएक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. रस्त्याने जाताना द्राक्षांच्या बागेमागून अचानक एक तबकडी डोकं काढते. आत जायला आधी परवानगी घ्यावी लागते आणि मोबाइल बंद ठेवावे लागतात, कारण आकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओ लहरी ऐकण्याचं काम चालू असतं. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीच्या सुमारास, दुर्बीण सगळ्यांसाठी खुली करतात आणि मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं.

तमाशाची आवड असेल तर नारायणगावला गुढीपाडव्याच्या आधीचे दिवस गाठा. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. फडांच्या राहुट्या पडलेल्या असतात आणि गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात. मंडळी धंद्याच्या गडबडीत असतात, तेव्हा राहुटीत शिरून मोबाइल रोखू नका. आधी विचारा. नीट बोललात तर चहा पाजतात.

श्रावणात सोमवारी आलात तर बेत बदला आणि ओतूरला जा. मांडवी नदीकाठी कपर्दिकेश्वराच्या मंदिरात तांदळाच्या कोरड्या दाण्यांच्या पिंडी रचतात. लोक तासन् तास रांगेत उभे राहून बघतात, बाहेर जत्रा आणि कुस्त्या. तुकोबांना स्वप्नात उपदेश देणारे बाबाजी चैतन्य यांची समाधीही तिथेच आहे.

पूर्वेकडून, अहिल्यानगरच्या दिशेने परत जाणाऱ्यांना आणे घाटात गुळुंचवाडीचा नैसर्गिक पूल लागतो. ओढ्याने खालून खडक पोखरून काढला आणि वर कमान उरली. रस्त्याला लागून आहे, वीस मिनिटं पुरतात.

खाणं, थोडक्यात

मासवडी खाल्ल्याशिवाय जाऊ नका. नावात मासा असला तरी पदार्थ शाकाहारी आहे. बेसनाचं पीठ शिजवून ओल्या फडक्यावर पसरतात, त्यावर भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, कांदा, लसणाचं सारण, मग फडक्यानेच गुंडाळून माशासारखा त्रिकोणी आकार देतात आणि वड्या कापतात. सोबत झणझणीत काळा रस्सा आणि बाजरीची भाकरी. वडी रश्श्यात आधीच बुडवून ठेवू नका, घासागणिक बुडवा, नाहीतर पिठाचा गोळा होतो. घाईने केलेली मासवडी चिकट लागते, म्हणून खानावळीत आधी तासभर सांगून ठेवलेलं बरं. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याकडेला द्राक्षं मिळतात, काळी घ्या.

बिबट्याबद्दल, घाबरवण्यासाठी नव्हे

जुन्नरचा बिबट्या पेपरात नेहमी असतो. धरणं झाली, कालवे आले, ऊस वाढला, आणि बिबट्याला दाट झाडी, पाणी आणि कुत्री-शेळ्या एकाच जागी मिळाल्या. उसातच पिल्लं होऊ लागली. शेतकऱ्यांनी यात जिवाची माणसं गमावली आहेत, त्यामुळे चहाच्या टपरीवर ‘बिबट्या दिसेल का हो?’ असं हसत विचारू नका.

स्वतःपुरतं एवढं सांभाळा: अंधार पडल्यावर उसाच्या कडेने पायी किंवा दुचाकीवर फिरू नका, लहान मुलांना संध्याकाळी हाताशी धरा, उघड्यावर तंबू ठोकायचा असेल तर गावात विचारून जागा निवडा आणि रात्री लघवीला जायचं तर बॅटरी घेऊन दोघांनी जा. कुठे बिबट्या दिसला, तर व्हिडिओ काढत थांबायचं नाही. मागे सरकायचं, पळायचं नाही, आणि वनखात्याला 1926 या क्रमांकावर कळवायचं.

परतीचा प्रवास रविवारी दुपारी चारनंतर सुरू करू नका. त्या वेळी अख्खा पुणे-नाशिक रस्ता पुण्याकडे निघालेला असतो. एक तर जेवून दीडला निघा, नाहीतर जुन्नरातच आणखी एक रात्र काढून सोमवारी पहाटे.